घरातले रान, कागदावरचे वन : कौटुंबिक स्मृती आणि वनसंरक्षणविषयक लेखन
(काठी परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

मराठीतील निसर्गलेखनाची समीक्षा प्रामुख्याने दोन अंगांनी झालेली दिसते. एक अंग निरीक्षणाचे आणि दुसरे भाषासौंदर्याचे. लेखकाने किती पक्षी, किती वृक्ष टिपले आणि ते किती रसाळपणे सांगितले, यावर त्या लेखनाचे मोल ठरत आले आहे. परंतु रान राखले पाहिजे ही तळमळ लेखकाच्या मनात प्रथम कोठून आली, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. बारकाईने पाहिले तर तिचा उगम बहुधा घरात सापडतो. कोणाची आई, कोणाचा मामा, कोणाची आजी त्या रानाच्या तोंडाशी उभी असते. घरातल्या या आठवणी वनसंरक्षणविषयक लेखनाला कसा आकार देतात आणि कोणाच्या आठवणींना त्या लेखनात जागा मिळते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या प्रश्नाकडे मी वळलो तो वर्गातील एका साध्या अनुभवामुळे. द्वितीय वर्ष कला वर्गातील विद्यार्थ्यांना मी 'जंगल संरक्षणाची गरज' या विषयावर निबंध लिहावयास दिला होता. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत काठी हे गाव आहे. त्या परिसरातील एका पाड्यावरून येणाऱ्या विद्यार्थ्याने निबंध नीटनेटका लिहिला होता. वृक्ष आपले मित्र आहेत, ते प्राणवायू देतात, वृक्षतोडीमुळे पर्जन्यमान घटते, असे सर्व मुद्दे त्यात क्रमाने आले होते. मात्र संपूर्ण निबंधात एकाही झाडाचे नाव नव्हते. नंतर बोलता बोलता त्याने घरामागच्या आंब्याची हकिकत सांगितली. तो पणजोबांनी लावलेला. त्याच्या कैऱ्यांचे आमचूर दरवर्षी मोलगीच्या बाजारात जाते. एका दुष्काळी वर्षी घरातले मीठमिरची आणि कापड त्यावरच निघाले. पुढे चांगली किंमत येत असतानाही वडिलांनी तो आंबा तोडू दिला नाही. "हे निबंधात का लिहिले नाहीस?" असे मी विचारले. तो म्हणाला, "सर, ते घरचं आहे. निबंधात घरचं कसं लिहायचं?"

त्याच्या या उत्तराने मला माझ्याच अध्यापनाकडे पुन्हा पाहावयास लावले. ज्या आठवणीमुळे एक झाड प्रत्यक्ष वाचले, ती आठवण वनसंरक्षणाच्या लेखनात बसत नाही, असे या मुलाला कोणी शिकवले?

आठवण आणि साक्ष

विवेचनाच्या सोयीसाठी येथे दोन शब्दांत भेद करतो. 'आठवण' ही एका व्यक्तीची असते. ती सांगितल्याने सांगणाऱ्याचे मन उलगडते. 'साक्ष' ही आठवणीतूनच जन्मते, परंतु ती दुसऱ्यासमोर आणि दुसऱ्यासाठी दिलेली असते. तीवर काहीतरी अवलंबून असते, म्हणून ती पारखता येते. वनसंरक्षणविषयक लेखनातील कौटुंबिक स्मृती कधी आठवण म्हणून येते, कधी साक्ष म्हणून. या दोहोंमधील अंतर हाच या लेखाचा मुख्य विषय आहे.

पाश्चात्त्य साहित्यातील एक उदाहरण येथे उपयुक्त ठरेल. अमेरिकन लेखिका टेरी टेम्पेस्ट विल्यम्स यांचे 'रेफ्यूज' हे पुस्तक १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. युटा राज्यातील ग्रेट सॉल्ट लेक या सरोवराचे पाणी वाढून तेथील पक्षी अभयारण्य बुडाले आणि त्याच काळात लेखिकेची आई कर्करोगाने मृत्यूच्या वाटेवर होती. या दोन घटना लेखिकेने एकत्र गुंफल्या आहेत. पुस्तकाच्या अखेरीस घराण्यातील स्त्रियांच्या आजारपणाचा संबंध ती नेवाडातील अणुचाचण्यांशी जोडू पाहते. आईची आठवण तेथे शोकापुरती उरत नाही, ती शासनाला विचारलेला प्रश्न होते. आठवणीची साक्ष कशी होते, याचा हा एक नमुना आहे. आपल्याकडे ही प्रक्रिया कशी घडली ते आता पाहू.

शिकारीची आठवण

भारतीय पक्षीशास्त्राचे अध्वर्यू डॉ. सालिम अली (१८९६–१९८७) यांचे आत्मचरित्र 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे शीर्षकच एका घरगुती आठवणीवर उभे आहे. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपलेला हा मुलगा मुंबईत खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढला. त्याने छर्‍याच्या बंदुकीने एक वेगळीच, गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी मारली. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले आणि तेथे त्याला पक्ष्यांचे दालन खुले झाले. शिकारीचा शौक असलेल्या घरातून एक पक्षीरक्षक घडला, ही गोष्ट आपण नेहमी कौतुकाने सांगतो. ते कौतुक योग्यच आहे.

परंतु सातपुड्यातून पाहिले असता याच कथेला दुसरी बाजू दिसते. बंदूक, मामा आणि संस्था हे तिन्ही ज्या मुलाच्या वाट्याला येतात, त्याची शिकार आत्मचरित्राचे पहिले प्रकरण होते. भिल्ल घरातही शिकारीच्या आठवणी असतात. वडिलांनी तीरकमठा कसा धरायला शिकवला, कोणता माग कोणत्या जनावराचा, हे तेथेही पिढ्यान् पिढ्या सांगितले गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर मात्र ती आठवण मोठ्याने सांगण्यासारखी राहिली नाही. कायद्याचा हेतू योग्य होता, वन्यजीवांना त्याची गरज होती, याविषयी दुमत नाही. पण एकाच प्रकारच्या आठवणीने एका घरी लेखक घडवला आणि दुसऱ्या घरी मौन आणले, याची नोंद समीक्षेने घेतली पाहिजे. मौन बाळगणाऱ्या घरातले पशुपक्ष्यांचे ज्ञानही त्या मौनात बुडते.

मारुती चितमपल्ली : आईमामांपासून अरण्यापर्यंत

मराठीत अरण्य आणि कुटुंबस्मृती यांचा सर्वांत जवळचा संबंध मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्या लेखनात आढळतो. सोलापुरात जन्मलेल्या या लेखकाने कोइमतूर येथे वनशिक्षण घेतले, वनखात्यात दीर्घकाळ सेवा केली आणि कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशा वनांत आयुष्य घालवले. सोलापूर येथे २००६ मध्ये भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये सोलापुरातच त्यांचे निधन झाले.

'चकवाचांदणं' या आत्मकथनाला त्यांनी 'एक वनोपनिषद' असे उपशीर्षक दिले. उपनिषद म्हणजे जवळ बसून मिळालेले ज्ञान. चितमपल्लींना हे ज्ञान प्रथम वनशाळेत मिळालेले नाही. रानाशी त्यांची ओळख करून दिली ती आईने आणि मामांनी. म्हणून त्यांच्या लेखनातील वनाधिकारी कधीही निव्वळ अधिकारी वाटत नाही. झाडाजवळ जाताना तो घरच्या वडीलधाऱ्या माणसाजवळ जावे तसा जातो. मराठी वाचकाला अरण्याविषयी जी आपुलकी वाटू लागली, तिच्यात या घरगुती सुराचा वाटा मोठा आहे.

दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची. चितमपल्लींनी आपल्या ज्ञानाचे ऋण वारंवार मान्य केले आहे. नवेगावबांधचे माधवराव पाटील, तसेच वाटाडे, कोळी आणि आदिवासी हे त्यांच्या लेखनात गुरुस्थानी येतात. पक्ष्यांच्या वसतिस्थानांसाठी 'काकागार', 'सारंगागार' असे शब्द त्यांनी मराठीला दिले आणि रानातल्या माणसांच्या तोंडचे शब्दही जपले. येथे आठवण साक्षीच्या उंबरठ्यावर येते. तथापि एक मर्यादा नोंदवावी लागते. अरण्यात नेणारी कौटुंबिक स्मृती लेखकाच्या घरची आहे. वाटाड्याच्या घरची आई, त्याचा मामा, त्याची रानावरची मालकीची भावना आपल्याला फारशी भेटत नाही. वाटाडा ज्ञान देतो, पण त्याचे घर पडद्याआड राहते. हा दोष एका लेखकाचा नाही. ज्या खात्याच्या दप्तरात रानातली वस्ती 'अतिक्रमण' या शब्दाने नोंदली जाते, त्या खात्याच्या नोकरीतून लिहिताना पडणारी ही सावली आहे. चितमपल्लींनी तिच्याबाहेर जाण्याचा जेवढा प्रयत्न केला, तेवढा फार थोड्यांनी केला असेल.

काठी : शरीराने जपलेली स्मृती

ज्या घरांवर हा पडदा आहे, त्यांची स्मृती पाहण्यासाठी आता काठीकडे वळू. काठी हे खानदेशातील मेवासी संस्थानांपैकी एक. संस्थाने लयाला गेली, परंतु तळोद्याचा वनविभाग आजही 'मेवासी वनविभाग' याच नावाने ओळखला जातो. ज्यांच्याकडून रान सरकारकडे आले, त्यांचेच नाव त्या रानाच्या सरकारी पाटीवर राहिले आहे.

काठीची राजवाडी होळी सर्वपरिचित आहे. ती इ. स. १२४६ पासून चालत आल्याचे परंपरेने सांगितले जाते. होळीचा उंच सरळ बांबू जंगलातून विधिपूर्वक आणला जातो, खड्डा हातांनी खणला जातो, रात्रभर ढोलांच्या तालावर नृत्य चालते आणि पहाटे होळी पेटते. बावा, बुध्या यांसारखी सोंगे घेणारे लोक व्रत पाळतात, अंगावर राखेची नक्षी काढतात, कमरेला घुंगरू व भोपळे बांधतात, डोक्यावर मोरपिसांचे टोप घालतात. वर्तमानपत्रांतून या सोहळ्याची रंगीत छायाचित्रे दरवर्षी येतात. प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते सोंग आणि बांबू यांमागचे ज्ञान. बांबू कोणत्या रानात सरळ वाढतो, तो केव्हा आणि कसा तोडावा, भोपळा केव्हा वाळवावा, हे घरातला मोठा माणूस लहानाला दाखवतो. ज्या वर्षी तसा बांबू मिळणार नाही, त्या वर्षी रानाचे काय झाले हे कोणत्याही अहवालाविना सर्वांना कळेल. वनाच्या स्थितीची ही एक वार्षिक तपासणीच आहे, मात्र तिला कोणी तसे म्हणत नाही. लिपीत न उतरलेली ही स्मृती शरीराने आणि सवयीने जपलेली असते. ती साहित्याच्या कक्षेत येत नाही, कारण साहित्याची आपली व्याख्या कागदापाशी सुरू होते.

नदीकाठचे एक पत्र

ही स्मृती कागदावर आली तेव्हा ती कशी आली, याचे उदाहरण काठीच्या उत्तरेला, नर्मदेच्या खोऱ्यात मिळते. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ मध्ये निवाडा दिल्यानंतर सरदार सरोवराचे काम मार्गी लागले. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे या धरणाच्या बुडीत क्षेत्रात आली. १९९९ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील डोमखेडी आणि पैलतीरावरील मध्य प्रदेशातील जलसिंधी ही दोन गावे सत्याग्रहामुळे देशभर परिचित झाली. याच जलसिंधीचे बावा महालिया यांनी १९९४ मध्ये मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांना उद्देशून एक दीर्घ पत्र सांगून लिहवले. त्याची भाषांतरे पुढे अनेक ठिकाणी प्रसिद्ध झाली.

हे पत्र मी मराठी विभागातील प्राध्यापकांनी अवश्य वाचावे असे सुचवीन. त्यात वाडवडिलांनी जमीन कशी कसली, रानातून घराला काय काय मिळते, अडीनडीला सावकाराची गरज रान कशी भागवते, नातेवाइकांची गावे आणि देव कोठे आहेत, हे सर्व एकापाठोपाठ येते. वरवर पाहता ही घरातल्या वस्तूंची यादी वाटते. परंतु तिच्यातील प्रत्येक वस्तू हा युक्तिवाद आहे. शासनाच्या दृष्टीने रिकाम्या आणि गरीब असलेल्या डोंगराला लेखक आपल्या घराच्या हिशेबवहीतून भरून दाखवतो. निसर्गाचे वर्णन म्हणून त्यात एकही वाक्य नाही, तरीही रानाची इतकी पूर्ण प्रतिमा ललित निबंधांत क्वचितच सापडते. येथे आठवण पूर्णपणे साक्ष झाली आहे. 'मी' ऐवजी 'आम्ही' हे या साक्षीचे व्याकरण आहे.

याच जिल्ह्यातील शहादा परिसरात कवी वाहरू सोनवणे यांची कविता घडली. त्यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. घरातल्या जुन्या वस्त्रांना एकत्र शिवून केलेली गोधडी कवितेचे नाव होते, ही बाब आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. त्यांची 'स्टेज' ही कविता सर्वपरिचित आहे. आमचेच दुःख दुसरे लोक व्यासपीठावरून आम्हाला सांगतात आणि आम्हाला मात्र तेथे कोणी बोलावत नाही, हा तिचा आशय. वनसंरक्षणविषयक लेखनालाही हा आक्षेप लागू पडतो. रान कसे राखावे हे ज्यांच्या घरी ठाऊक आहे, त्यांना रानाविषयीची व्याख्याने ऐकवली जातात. माझ्या विद्यार्थ्याचा निबंध हे त्याचेच छोटे प्रत्यंतर होते.

कायद्यातील आजी

स्मृतीला पुराव्याचा दर्जा साहित्याआधी कायद्याने दिला, ही विचार करण्याजोगी बाब आहे. वनहक्क कायदा २००६ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम २००८ च्या आरंभी अमलात आले. त्यांतील तेराव्या नियमात हक्क सिद्ध करण्यासाठी कोणते पुरावे चालतील ते नमूद आहे. सरकारी कागदपत्रांबरोबरच विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थाने, वंशावळ आणि वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले कथन यांना तेथे स्थान आहे. मात्र एक अट आहे. हे कथन दावेदाराव्यतिरिक्त अन्य वडीलधाऱ्या व्यक्तीचे असावे लागते.

साहित्यसमीक्षकाला या अटीतून एक कसोटी मिळते असे मला वाटते. स्वतःच्या घरची आठवण स्वतःच सांगून भागत नाही, ती खरी असल्याचे शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाने सांगावे लागते. माझ्या हक्कासाठी तुमची आजी बोलते आणि तुमच्या हक्कासाठी माझी. वनसंरक्षणविषयक आत्मपर लेखनालाही हेच विचारता येईल. या लेखकाच्या रानात दुसऱ्या कोणाची आजी आहे काय? ती बोलते काय? तिच्या बोलण्याने लेखकाची आठवण पक्की होते, की तिला धक्का बसतो? चितमपल्ली या कसोटीवर बऱ्याच अंशी उतरतात, कारण त्यांच्या रानात दुसरी माणसे बोलतात. जलसिंधीचे पत्र पूर्णपणे उतरते. रानात एकटे जाऊन स्वतःच्या बालपणाशी हितगुज करून परतणारे पुष्कळसे ललित लेखन मात्र या ठिकाणी तोकडे पडते.

स्मृतीच्या मर्यादा

येथवरच्या विवेचनावरून आदिवासी घरातली प्रत्येक आठवण रानाच्या बाजूनेच असते, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. सातपुड्यात रान तोडून केलेल्या शेताला 'नेवाड' म्हणतात. ज्या आजोबांनी आंबा लावला, त्यांनीच नेवाडही काढलेले असू शकते. पोटाची गरज, वाढती कुटुंबे, ठेकेदारांनी केलेली तोड आणि जमिनीच्या नोंदींतील अन्याय अशी अनेक कारणे त्यामागे आहेत. पण झाड तोडल्याची आठवण वगळून केवळ झाड पूजल्याची आठवण सांगणे म्हणजे साक्षीतील अर्धी जबानी गाळणे होय. आदिवासी हा निसर्गपूजक, निष्पाप, अशी प्रतिमा अभ्यासकांना सोयीची असते. ती वरून सन्मानाची दिसली तरी माणसाला प्रश्न विचारण्याच्या आणि चुका करण्याच्या हक्कापासून दूर ठेवते.

तसेच स्मृती ही बहुधा पुरुषांच्या तोंडून नोंदली गेली आहे. पत्र लिहवणारा पुरुष, कवी पुरुष, आत्मचरित्रकार पुरुष. मोह वेचणारी, आमचूर वाळवणारी, औषधी मुळी ओळखणारी बाई या लेखनात येते ती दुसऱ्याच्या आठवणीत. तिची स्वतःची जबानी नोंदवणे हे या जिल्ह्यातील महाविद्यालयांपुढचे जवळचे आणि करता येण्याजोगे संशोधनकार्य आहे. त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. बोलीभाषा जाणणारे विद्यार्थी आपल्या वर्गात बसलेले आहेत.

निष्कर्ष

१. वनसंरक्षणविषयक लेखनाची प्रेरणा बहुधा कौटुंबिक स्मृतीत असते. समीक्षेने तिला केवळ चरित्रात्मक तपशील न मानता लेखनाच्या रचनेचा घटक मानले पाहिजे.

२. सारख्याच स्वरूपाच्या स्मृतीला सामाजिक स्थानानुसार वेगळी किंमत मिळते. शिकारीची आठवण एका घरी आत्मचरित्र होते, तर दुसऱ्या घरी गुन्ह्याची कबुली.

३. आठवण जेव्हा दुसऱ्यांच्या आठवणीशी पडताळली जाते, तेव्हा तिची साक्ष होते. वनहक्क नियमांतील वडीलधाऱ्यांच्या कथनाची तरतूद समीक्षेलाही उपयुक्त कसोटी पुरवते.

४. काठीच्या होळीसारख्या परंपरांत वनाविषयीचे ज्ञान शरीराने आणि सवयीने जपलेले असते. मराठी साहित्याच्या अभ्यासक्रमाने त्याची दखल घेणे आवश्यक आहे.

५. स्मृतीचे उदात्तीकरण टाळून, झाड राखल्याची आणि झाड तोडल्याची अशा दोन्ही आठवणी नोंदवल्या, तरच ते लेखन विश्वसनीय ठरेल.

शेवटी वर्गातील त्या निबंधाकडे परत येतो. त्या विद्यार्थ्याला मी दहापैकी सहा गुण दिले होते आणि ते निबंधाच्या मानाने योग्यच होते. चूक प्रश्नात होती. पुढील सत्रात मी विषय बदलला आणि 'आमच्या घराने राखलेले किंवा तोडलेले एक झाड' असे शीर्षक दिले. एक अटही घातली, की शेजारच्या घरातील एका वृद्ध व्यक्तीला विचारूनच लिहावे. आलेल्या उत्तरपत्रिकांत शुद्धलेखनाच्या चुका पूर्वीपेक्षा अधिक होत्या. पण प्रत्येक झाडाला नाव होते आणि बहुतेकांच्या लेखनात कोणाची ना कोणाची आजी बोलत होती.